मूल बोलावे म्हणून बिस्किट अडवून धरावे का?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुमचा मुलगा तीन वर्षे आठ महिन्यांचा आहे, वर्षभरापूर्वी त्याला ऑटिझमचे निदान झाले, स्वतःहून तो पंचवीस-तीस शब्द वापरतो आणि एरवी ऐकलेली वाक्ये जशीच्या तशी म्हणत राहतो. सध्याच्या स्पीच थेरपीत तो ‘दे’ म्हणेपर्यंत बिस्किट अडवून धरतात, हनुवटी धरून ‘इकडे बघ’ म्हणतात, आणि गेल्या दोन महिन्यांपासून तो क्लिनिकच्या जिन्यातच रडू लागतो. दुसऱ्या एका थेरपिस्टने तुम्हाला सांगितले, की नजरेला नजर देण्याचा आग्रह सोडा, चित्रांचा तक्ता वापरा आणि त्याची पाठ झालेली वाक्ये थांबवू नका. या पद्धतीला त्यांनी न्यूरोडायव्हर्सिटी-अफर्मिंग थेरपी असे नाव दिले. सासूबाईंना वाटते, चित्रे हातात आली की तो बोलायचा कंटाळा करील. यजमानांना वाटते, शाळेच्या दृष्टीने घरात फक्त इंग्रजी बोलावे. आणि शेवटी तुम्ही विचारले आहे, की त्याला आहे तसा स्वीकारणे म्हणजे प्रयत्न सोडून देणे तर नाही ना.

दोनपैकी कोणता थेरपिस्ट बरोबर, असा तुमचा प्रश्न वरवर दिसतो. माझ्या मते त्याच्या खाली दुसरा प्रश्न आहे: ही थेरपी नेमकी कशासाठी चालली आहे? मुलगा इतर मुलांसारखा दिसावा यासाठी, की त्याच्या मनात जे आहे ते समोरच्यापर्यंत पोहोचावे यासाठी? ही दोन ध्येये काही काळ एकाच वाटेने जातात, म्हणून त्यांच्यातला फरक सुरुवातीला लक्षात येत नाही. बिस्किटाच्या प्रसंगी मात्र तो उघड होतो.

मी सव्वीस वर्षे लहान मुलांबरोबर वाचा-उपचाराचे काम करते आहे. तरीही मुलाला न पाहता मी काय सांगू शकत नाही, ते आधी सांगते. त्याची श्रवणचाचणी झाली आहे का, याचा तुमच्या पत्रात उल्लेख नाही. हाक मारल्यावर पाहत नाही, हे ऑटिझममुळे असेल असे गृहीत धरून पुढे जाऊ नये. ओएई आणि बेरा या ऐकण्याच्या चाचण्या झोपेतही होतात आणि त्या झाल्या नसतील, तर बाकी सगळ्याच्या आधी त्या करून घ्या. पूर्वी येत असलेले शब्द त्याने गमावले असतील, किंवा तो काही क्षण टक लावून हरवल्यासारखा होत असेल, तर हे मुलांच्या डॉक्टरांना किंवा बालमेंदूविकारतज्ज्ञांना लगेच सांगा. आणि एक तिसरी शक्यता असते: काही मुलांना काय म्हणायचे ते पक्के ठाऊक असते, पण जीभ, ओठ आणि जबडा यांच्या हालचालींची जुळवाजुळव मेंदूकडून नीट होत नाही, म्हणून एकच शब्द प्रत्येक वेळी वेगळा उमटतो. अशा मुलांना वेगळ्या प्रकारचा सराव लागतो. मी पुढे जे लिहिते आहे, ते या तीन गोष्टी तपासल्या आहेत असे धरून.

न्यूरोडायव्हर्सिटी हा शब्द १९९०च्या दशकात प्रामुख्याने ऑटिस्टिक व्यक्तींच्या आपापसातल्या चर्चांतून पुढे आला. माणसांचे मेंदू एकाच साच्यातले नसतात, आणि साच्याबाहेरचा मेंदू म्हणजे बिघडलेला मेंदू असे मानू नये, हा त्याचा गाभा. ब्रिटनमधले ऑटिस्टिक समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ साली एक मुद्दा मांडला, ज्याने माझ्या कामावर खोल परिणाम केला. ऑटिस्टिक माणसाला इतरांचे मन कळत नाही असे आपण सतत म्हणतो, पण इतरांनाही ऑटिस्टिक माणसाचे मन कळत नाही. न समजण्याचा हा व्यवहार दोन्ही बाजूंनी होतो, मात्र दोष एकाच्याच पदरी टाकला जातो. वाचा-उपचारात याचा अर्थ सरळ आहे. संवाद दोघांत होतो, तेव्हा सुधारणाही दोघांकडून व्हायला हवी, आणि दोघांपैकी ज्याच्याकडे अधिक क्षमता आहे त्या मोठ्या माणसाने आधी बदलायला हवे.

आता बिस्किटाबद्दल. हे मी परक्याच्या कामावर बोट ठेवून लिहीत नाही, कारण पहिली सात-आठ वर्षे मीही तेच केले. आम्हाला तसेच शिकवले होते: मुलाला जे हवे ते नजरेसमोर पण हाताबाहेर ठेवा, शब्द आला की द्या. शब्द यायचाही. पालक आनंदाने रडायचे, मलाही कृतार्थ वाटायचे. मग एका मुलाने मला थांबवले. तो चार वर्षांचा होता आणि माझ्याकडे ‘दे’ हा शब्द उत्तम शिकला होता. एके दिवशी दारात त्याचे बोट चेमटले. तो रडत माझ्याकडे आला, बोट पुढे केले आणि म्हणाला, ‘दे’. त्याच्याजवळ दुसरा शब्दच नव्हता. दुखते आहे, हे सांगायला मी त्याला काही शिकवले नव्हते, कारण दुखणे हे बक्षीस म्हणून हातात धरून ठेवता येत नाही. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळले, की मी त्याला बोलायला शिकवले नव्हते, मी त्याला एका खिडकीवर पैसे भरायला शिकवले होते.

माणूस किती कारणांसाठी बोलतो ते पाहा. मागण्यासाठी तर बोलतोच, पण नकार देण्यासाठी, हाक मारण्यासाठी, ‘ते बघ’ म्हणून दाखवण्यासाठी, तक्रारीसाठी, नुसता सहवास हवा म्हणून, घडून गेलेले आठवून सांगण्यासाठीही बोलतो. वस्तू अडवून धरण्याची पद्धत यातले फक्त मागणे शिकवते, आणि तेही भुकेच्या किंवा हव्यासाच्या क्षणी, जेव्हा मूल आधीच ताणाखाली असते. शिवाय तुमचा मुलगा बिस्किटाकडे हात करतो, तेव्हा त्याने सांगितलेलेच असते. आपल्याला समजलेलेही असते. समजूनही न समजल्यासारखे करणे, हे मुलाला एवढेच शिकवते की त्याच्या हाताची, नजरेची, देहाची भाषा या घरात चालत नाही. मी आता काय करते? मूल हात करते, मी ‘बिस्किट पाहिजे’ असे त्याच्या वतीने म्हणते आणि बिस्किट देते. लगेच देते. शब्द त्याच्या कानावर पडतो, तो अर्थाला चिकटतो, आणि माझ्याजवळ आले की आपले म्हणणे कळते हा विश्वासही बसतो. शब्द त्याच दिवशी परत येत नाही, हे खरे आहे. ज्यांना प्रत्येक सत्रानंतर वहीत बरोबरची खूण पाहायची सवय आहे, त्यांना हे संथ वाटते, आणि त्यांची अस्वस्थता मला समजते.

मागण्याच्या आधी शिकवण्यासारखा एखादा शब्द असेल, तर तो ‘नको’. मराठीत हा शब्द फार सोयीचा आहे: दोनच अक्षरे, पूर्ण अर्थ, आणि कोणत्याही वस्तूला, कृतीला, माणसाला लागू. मुलाने कोणत्याही प्रकारे, म्हणजे मान फिरवून, हात झटकून किंवा वस्तू ढकलून नकार दिला, की मी ‘नको’ म्हणते आणि ती गोष्ट खरोखर थांबवते. औषध, गाडीतला पट्टा, रस्ता ओलांडताना हात धरणे अशा बाबतीत नकार मानता येत नाही. तिथे ‘नको वाटते आहे, कळले मला, पण औषध घ्यायचे आहे’ असे खरे सांगावे. एरवी मात्र ‘नको’चा मान राखलाच पाहिजे. ज्या मुलाचा नकार कधीच ऐकला गेला नाही, त्याला पुढे कोणी चुकीच्या हेतूने हात लावला, तर त्याच्याजवळ नाही म्हणण्याची सवयच नसते. हे वाक्य मी पालकांना नेहमी सांगते आणि सांगताना माझा आवाज कडक होतो, कारण ही गोष्ट खरेच तेवढी गंभीर आहे.

नजरेबद्दल थोडक्यात. अनेक ऑटिस्टिक प्रौढांनी लिहून ठेवले आहे, की डोळ्यांत पाहणे त्यांना अतिशय त्रासाचे होते आणि पाहण्याकडे लक्ष गेले की ऐकण्याकडे राहत नाही. मूल ऐकते आहे की नाही, हे त्याचे शरीर कुठे वळले आहे, हात थबकले का, यावरून कळते. हनुवटी धरून डोके वळवणे मी पूर्ण चूक मानते. तुम्ही त्याच्यासमोर खाली बसलात, तो पाहतो आहे त्या गोष्टीकडे तुम्हीही पाहिलेत, तर पुष्कळदा तोच मध्ये एकदा तुमच्याकडे पाहतो, आणि ते पाहणे त्याचे असते.

तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा तपशील तुम्ही जाता जाता लिहिला आहे. पाहुणे आले, घरात गलका झाला, की तो ‘तीन शिट्ट्या झाल्या की बंद कर’ असे म्हणत फिरतो, आणि सगळे हसतात. कृपया यापुढे कोणी हसू नका. त्याने हे वाक्य कुकरच्या आवाजाबरोबर ऐकले असणार. तो कर्कश आवाज, त्यानंतर हे वाक्य, त्यानंतर शांतता. त्याच्या दृष्टीने त्या अख्ख्या वाक्याचा अर्थ ‘हा आवाज थांबवा’ असा असावा. असे असेल, तर त्याने पाहुण्यांच्या देखत एक नेमकी आणि सभ्य विनंती केली होती.

ऐकलेले बोलणे असे जसेच्या तसे उच्चारण्याला इकोलेलिया म्हणतात. ऑटिझमचे सुरुवातीचे सविस्तर वर्णन करणारे लिओ कॅनर यांनीच १९४६ साली एका मुलाची हकीकत लिहिली आहे. काहीही फेकून द्यावेसे वाटले, की तो ‘कुत्र्याला गच्चीवरून फेकू नकोस’ असे म्हणे. आसपास कुत्राही नसे आणि गच्चीही नसे. पुढे आईकडून उलगडा झाला: काही वर्षांपूर्वी त्याने खेळण्यातला कुत्रा वरून खाली टाकला होता आणि ती त्याला याच शब्दांत रागावली होती. म्हणजे निरर्थक वाटणाऱ्या वाक्याला उगम असतो, हे तेव्हाच दिसले होते. १९८१ मध्ये अमेरिकेत बॅरी प्रिझंट आणि ज्युडिथ ड्यूकन यांनी चार ऑटिस्टिक मुलांच्या इकोलेलियाचे बारकाईने निरीक्षण केले, तेव्हा त्या पुनरुक्तीतून होकार देणे, मागणी करणे, बोलण्यातली आपली पाळी घेणे, स्वतःलाच सूचना देणे अशी वेगवेगळी कामे होताना आढळली. तरीही पुढची कित्येक वर्षे आमच्या क्षेत्रात ‘पोपटपंची थांबवा’ असाच उपदेश चालू राहिला.

माझ्याकडे मुंबईहून येणारी एक मुलगी कोणतीही गोष्ट संपवून उठायचे झाले, की लोकलमधल्या घोषणेच्या सुरात ‘पुढील स्टेशन, दादर’ म्हणे. तिचे आजोळ दादरला होते आणि त्या घोषणेनंतर उतरायचे असते हे तिला माहीत होते. आम्ही तिच्या घोषणेला उत्तर देऊ लागलो, ‘हो, आता उतरू या, झाले’, आणि काही महिन्यांत ती स्वतः ‘आता जाऊ या’, मग ‘घरी जाऊ या’ असे म्हणू लागली. तुम्हीही तेच करा. एक वही ठेवा आणि तीन रकाने पाडा: तो काय म्हणाला, ते मुळात कुठून आले असावे, आणि म्हणाला तेव्हा काय चालले होते. दोन आठवड्यांत तुम्हाला त्याच्या भाषेचा एक छोटा कोश हाती लागेल. कुकरच्या वाक्याला ‘फार आवाज होतो आहे, आवाज नको’ असे उत्तर द्या, आणि त्याला शांत खोलीत न्या. अर्थ मान्य करायचा, त्याच्याच उपयोगाचे थोडे सुटसुटीत वाक्य कानावर घालायचे, आणि ‘म्हण बघू’ असे अजिबात म्हणायचे नाही.

इथे एक सावधगिरीची सूचना देणे मला आवश्यक वाटते. अख्ख्या वाक्यांतून भाषा शिकणाऱ्या मुलांसाठी ठराविक टप्प्यांचा एक उपचार-आराखडा सध्या फार लोकप्रिय झाला आहे आणि त्याची प्रशिक्षणे जोरात चालतात. २०२४ साली अभ्यासकांनी या आराखड्याचा पद्धतशीर आढावा घेतला, तेव्हा त्याची परिणामकारकता दाखवणारा, निकषांत बसणारा एकही अभ्यास त्यांना मिळाला नाही. म्हणून इकोलेलियाला अर्थ असतो ही गोष्ट मी ठामपणे सांगते, पण अमुक टप्पा झाल्याशिवाय सुटे शब्द वापरायचेच नाहीत असे कोणी सांगितले, तर ते मी मानत नाही. दुसऱ्या थेरपिस्टला तुम्ही याबद्दल थेट विचारा.

मराठी घरांसाठी एक खास गोष्ट आहे, जी इंग्रजी पुस्तकांत सापडत नाही. आपले क्रियापद बोलणाऱ्याचे लिंग दाखवते. दिवसभर आईबरोबर असलेला मुलगा ‘मी जाते’, ‘मी करते’ म्हणतो, कारण ‘मी’नंतर त्याने तेच ऐकले आहे. ऑटिझम नसलेले मुलगेही सुरुवातीला असे बोलतात, पण जी मुले वाक्य अख्खे उचलतात, त्यांच्यात हे अधिक काळ टिकते. त्यावरून चिडवू नका आणि सारखे सुधारूही नका. त्याच्या वतीने बोलताना तुम्ही ‘मी जातो’, ‘मी जेवतो’ असे म्हणा आणि बाबांना व आजोबांना अधिक बोलू द्या. त्याचप्रमाणे ‘हवा, हवी, हवे’ हे वस्तूच्या लिंगानुसार बदलते, ‘पाहिजे’ तसे बदलत नाही, म्हणून सुरुवातीला ‘पाहिजे’ बरे. आणि ‘तुला पाणी पाहिजे का?’ असे तो स्वतःला तहान लागल्यावर म्हणत असेल, तर त्याचे कारण हेच, की पाणी येण्याआधी त्याने नेहमी हे वाक्य ऐकले आहे. तुम्ही प्रश्नाऐवजी ‘मला पाणी पाहिजे’ असे त्याच्या बाजूने म्हणत पाणी पुढे करा. यासाठी मी घरच्यांना प्रश्नांचे प्रमाण कमी करायला सांगते. ‘हे काय आहे? तो कोण आहे? काकांना सांग, कावळा कसा ओरडतो?’ हे आपण प्रेमाने करतो, पण मुलासाठी ती दिवसभर चाललेली तोंडी परीक्षा असते.

आता सासूबाईंची शंका, की चित्रे दिली तर तो बोलणार नाही. ही शंका जवळजवळ प्रत्येक घरात निघते आणि ती प्रेमातूनच निघते, म्हणून तिचे उत्तर नीट द्यायला हवे. २००६ साली मिलर, लाइट आणि श्लोसर यांनी त्या वेळपर्यंतच्या अभ्यासांचा आढावा घेतला. त्यांतल्या सर्वांत भक्कम पुराव्याच्या २७ व्यक्तींपैकी एकाचेही बोलणे चित्रे, खुणा किंवा यंत्रे यांमुळे कमी झाले नव्हते. ८९ टक्क्यांचे वाढले होते, ११ टक्क्यांच्या बोलण्यात फरक पडला नव्हता. वाढ फार मोठी नव्हती, हेही सांगायला हवे. चित्रफलक म्हणजे बोलण्याचे औषध असे मी म्हणत नाही. तो दिल्याने बोलणे आटत नाही, आणि शब्द येईपर्यंत मूल मुके राहत नाही, एवढे म्हणते. सासूबाईंना असे समजावता येईल, की बाळ चालायला लागण्याआधी रांगते, त्याला रांगू दिले म्हणून ते चालायचे राहत नाही.

फलक कसा वापरायचा, यावर मात्र सगळे अवलंबून आहे. माझ्याकडे येणाऱ्या अनेक घरांत फलक फ्रिजवर लावलेला असतो आणि मुलाने त्यावर बोट ठेवल्याशिवाय काही द्यायचे नाही असा नियम असतो. म्हणजे बिस्किट पुन्हा अडवलेच, फक्त शब्दाच्या जागी चित्र आले. फलकावर आधी मोठ्यांनी बोट ठेवून बोलायचे असते. ‘आता आंघोळ’ म्हणताना तुम्ही आंघोळीच्या चित्रावर बोट ठेवा, ‘आजी दमली’ म्हणताना दमण्याच्या. काही आठवडे, कधी काही महिने, मूल फक्त पाहील. भाषा शिकताना बाळ वर्षभर फक्त ऐकते, तेव्हा आपण घाई करत नाही. फलकावर खाऊ आणि खेळणी यांबरोबर ‘नको’, ‘थांब’, ‘दुखते’, ‘आवाज’, ‘झाले’, ‘पुन्हा’, ‘मदत’ ही चित्रे असलीच पाहिजेत. सुरुवात मोबाइलवर काढलेल्या घरातल्याच वस्तूंच्या फोटोंनी होऊ शकते. मुंबईच्या आयआयटीच्या डिझाइन विभागात तयार झालेले जेलो हे ॲप मराठीत वापरता येते. चेन्नईत तयार झालेले आवाज हे ॲपही पाहण्यासारखे आहे. कोणते निवडायचे, हे मुलाची बोटे, नजर आणि स्क्रीनशी त्याचे नाते पाहून ठरवावे. ज्याला टॅबलेट दिसला की फक्त व्हिडिओच आठवतात, त्याला मी आधी कागदाचा फलक देते.

इंग्रजीबद्दलचा प्रश्न मी लवकर आटोपते, कारण तिथे मला फारसा संशय नाही. दोन भाषा ऐकल्यामुळे ऑटिस्टिक मुलांचा भाषाविकास मागे पडतो, असे आजवरच्या अभ्यासांत दिसलेले नाही. घरातली माणसे ज्या भाषेत हसतात, रागावतात, मायेने बोलतात, त्या भाषेतच मुलाला जिवंत बोलणे मिळते. आजी इंग्रजीत बोलू लागली, की तिच्याजवळ चार आज्ञार्थी शब्द उरतात: कम, सिट, ईट, नो. नातवाशी गप्पा मारणारी एक माणूस त्या घरातून कमी होते. शाळेचे इंग्रजी शाळेत येऊ द्या. फलकावर दोन्ही भाषा ठेवता येतात.

घरी काय करावे, याबद्दल तुम्ही विचारले नाही, पण आठवड्यातली दोन सत्रे आणि उरलेला अख्खा आठवडा यांचा हिशेब पाहिला, तर खरे काम घरीच होते. याचा अर्थ तुम्ही दुसऱ्या थेरपिस्ट व्हा असा नाही. आईपण हे तुमचे काम आहे आणि ते मुलाला जास्त लागते. गोव्यात आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत ६५ ऑटिस्टिक मुलांच्या कुटुंबांबरोबर एक अभ्यास झाला, जो २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी पालकांना मुलाच्या लक्षाच्या मागे जाऊन प्रतिसाद द्यायला शिकवले. पालकांचे प्रतिसाद मुलाशी अधिक जुळू लागले आणि मुलांनी आपणहून संवाद सुरू करण्याचे प्रमाणही वाढले. दोघांचे लक्ष एकत्र एकाच गोष्टीवर असण्याचा वेळ मात्र घटला, म्हणजे सगळेच सुधारले असे नाही. तरी आपल्याकडच्या घरांत हे होऊ शकते, याचा तो मला महत्त्वाचा पुरावा वाटतो.

व्यवहारात हे फार साधे असते. तुम्ही पोळ्या करत असताना तो कणकेचा गोळा दाबत बसला, तर तुम्हीही एक गोळा घ्या आणि दाबा. काही विचारू नका. ‘दाब, दाब, चपटा झाला’ एवढे म्हणा आणि थांबा. मनात दहा आकडे मोजा. हे थांबणे सगळ्यात अवघड जाते, कारण शांतता आपल्याला सहन होत नाही. पण काही मुलांना ऐकलेले समजून उत्तर तयार करायला तेवढा वेळ लागतोच, आणि आपण चौथ्या आकड्याला पुन्हा बोललो, की त्याचे जुळत आलेले उत्तर विसकटते. तो गाडीची चाके फिरवत बसला असेल, तर चाके फिरवणे थांबवून ‘नीट’ खेळायला लावू नका. चाकांच्या खेळात तुम्ही सामील व्हा.

तर, स्वीकारणे म्हणजे सोडून देणे का? नाही. माझ्याकडच्या प्रत्येक मुलासाठी लिहिलेली उद्दिष्टे असतात, आणि ती मी दर तीन महिन्यांनी पालकांसमोर बसून तपासते. फक्त त्यांचे शब्द वेगळे असतात. ‘पाच सेकंद डोळ्यांत पाहील’ याऐवजी ‘दिवसातून किमान तीन वेगवेगळ्या कारणांसाठी स्वतःहून संवाद साधेल, कोणत्याही मार्गाने’. ‘सूचना दिल्यावर शांत बसेल’ याऐवजी ‘आवाज असह्य झाला, तर ते सांगू शकेल, आणि घरातली दोन माणसे ते ओळखू शकतील’. दुसरे उद्दिष्ट निम्मे घरच्यांचे आहे, हे मुद्दाम आहे. उलट, स्वीकाराच्या नावाखाली नुसते खेळवून पाठवणारी, लेखी उद्दिष्ट नसलेली, सहा महिन्यांत काय बदलले ते सांगू न शकणारी थेरपीही मी पाहिली आहे, आणि तीही मुलावर अन्यायच करते. तुमचा मुलगा पुढे किती बोलेल, हे आज मी किंवा दुसरे कोणी सांगू शकत नाही. इतक्या लहान वयात अख्खी वाक्ये सुरासकट लक्षात ठेवणारे आणि प्रसंगाशी जोडणारे मूल भाषेवर काम करते आहे, एवढे मला तुमच्या पत्रातून दिसते.

खर्चाचाही उल्लेख तुम्ही केला आहे. ऑटिझम २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत येतो, त्यामुळे यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचे ओळखपत्र, काढून घ्या. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विम्याचे संरक्षण मिळते आणि नियमित थेरपीच्या खर्चाचा काही भाग त्यात बसतो. जिल्हा रुग्णालयाशी जोडलेले शीघ्र हस्तक्षेप केंद्र, ज्याला सगळे डीईआयसी म्हणतात, तिथेही तपासणी होते. थेरपिस्ट कोणीही निवडा, भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक अवश्य पाहा.

थेरपिस्ट बदलण्याबद्दल मी एकदम ‘सोडा’ असे लिहिणार नाही. सध्याच्या थेरपिस्टची तुमच्या मुलाशी वर्षभराची ओळख आहे आणि पुष्कळ जण मी केले तेच, शिकवले तसे, मनापासून करत असतात. पुढच्या सत्राच्या आधी त्यांना फोन करा आणि तीन गोष्टी सांगा: तो जिन्यात रडतो, आम्हाला वस्तू अडवून धरणे आणि हनुवटी धरणे थांबवायचे आहे, आणि सत्रात मी शेजारी बसणार आहे. कुकरच्या वाक्याची गोष्टही सांगा आणि ‘याचे काय करता येईल?’ असे विचारा. त्या कुतूहलाने ऐकू लागल्या, तर त्यांच्याबरोबर दोन महिने काढायला हरकत नाही. ‘आई शेजारी असली की मूल काम करत नाही’ असे उत्तर आले, तर दुसऱ्या थेरपिस्टकडे जा. तोपर्यंत, तो जिन्यात थांबून रडला, तर त्याला उचलून वर नेऊ नका. पायरीवर त्याच्याजवळ बसा, ‘नको, आज नको’ असे त्याच्या वतीने म्हणा, आणि त्याला घेऊन घरी या.